वयात येणाऱ्या मुलांचं वजन वाढतंय: काय बघायचं, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

मुलं वयात यायला लागली की अंग झपाट्याने बदलतं, सहा महिन्यांपूर्वीचे कपडे होत नाहीत, कुणीतरी येऊन "बरंच सुटलंय की हे" असं पोरांच्या तोंडावर बोलून जातं आणि मग घरात टेन्शन सुरू होतं. यात पालक दोन टोकांना जातात. एकतर "वय आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल" म्हणून विषयच बंद, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवण बंद, गोड बंद, पहाटे उठवून पळायला पाठवायचं. मला दोन्हीची काळजी वाटते, पहिल्यात वर्षं हातातून जातात आणि दुसऱ्यात पोरगं जे आईबापांपासून तुटतं ना ते परत जोडायला वजन उतरवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, १० ते १९ वयाच्या मुलांच्या पालकांसाठी, आणि एखादा पंधरा-सोळाचा स्वतः वाचत असेल तर त्याच्यासाठी पण.

सुरुवातीला एकच आकडा डोक्यात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे १९९० साली ५ ते १९ वयोगटातल्या साधारण ८ टक्के मुलांचं वजन जास्त होतं, २०२२ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं, म्हणजे जगभरात ३९ कोटींहून जास्त मुलं आणि त्यातली १६ कोटी लठ्ठपणात मोडणारी. आता तीस-बत्तीस वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत आणि सगळ्या जगातली पोरं एकाच वेळी आळशी आणि हावरट झाली असंही होत नाही. बदललं ते त्यांच्या आजूबाजूचं: काय खायला मिळतं, किती झोप मिळते, खेळायला जागा आणि वेळ आहे का, हातात दिवसभर काय असतं. त्यामुळे उपाय करायचा तोही तिथेच करायचा.

आधी वजन खरंच जास्त आहे का ते नीट मोजा

डोळ्याने बघून ठरवू नका. आणि मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) तक्ता मुलांना लावू नका, ही चूक खूप जण करतात, नेटवर कॅल्क्युलेटर उघडतात, आकडा टाकतात, "नॉर्मल" आलं की खुश नाहीतर उलटं.

बीएमआय काढायची पद्धत तीच आहे, वजन किलोमध्ये घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. समजा १३ वर्षांची मुलगी आहे, उंची १५५ सेंटिमीटर म्हणजे १.५५ मीटर आणि वजन ५५ किलो. ५५ ला १.५५ ने दोनदा भागलं की साधारण २२.९ येतं. मोठ्यांच्या तक्त्यात २२.९ म्हणजे अगदी नॉर्मल. पण मुलांमध्ये वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळी रेघ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १३ वर्षांच्या मुलीसाठी २१.८ च्या वर वजन जास्त धरतात आणि २६.२ च्या वर लठ्ठपणा. म्हणजे ही मुलगी जास्त वजनात आली. हाच २२.९ जर १६ वर्षांच्या मुलीचा असता तर काही प्रश्न नव्हता कारण त्या वयाला रेघ २४.१ वर असते. १३ वर्षांच्या मुलासाठी हेच आकडे २०.८ आणि २४.८ आहेत. काही ठिकाणी डॉक्टर पर्सेंटाइलची भाषा वापरतात, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांमध्ये किती जणांचा बीएमआय याच्यापेक्षा कमी आहे तो आकडा, ८५ ते ९५ च्या मध्ये असेल तर वजन जास्त आणि ९५ किंवा त्याच्या वर लठ्ठपणा. काही देशांचे स्वतःचे तक्ते आहेत आणि त्यात रेघा वेगळ्या आहेत, दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांमध्ये तर तेवढ्याच बीएमआयला शरीरातली चरबी जास्त सापडते, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा की तुम्ही कुठला चार्ट बघताय.

उंची मोजताना घाई केली की सगळंच चुकतं. बूट-चप्पल काढून, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर एखादं जाड पुस्तक आडवं सपाट धरून खूण करायची आणि मग टेपने मोजायचं. दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी मुलगा एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकतो.

बीएमआयसोबत कंबर पण मोजली तर चांगलं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी हा सोपा नियम आहे, १५५ उंची असेल तर ७७ च्या आसपास मर्यादा. याचा उपयोग काय तर बीएमआयला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, भरपूर खेळणाऱ्या अंगापिंडाने मजबूत मुलाचा बीएमआय जास्त येऊ शकतो पण त्याची कंबर तेवढी नसते. पोटावरची चरबी ही जास्त काळजीची.

अजून एक, एका वेळच्या आकड्यावर काही ठरवू नका. शाळेच्या तपासणीचे, डॉक्टरांकडचे जुने आकडे शोधा आणि वर्षावर्षाला कसं वाढत गेलं ते बघा. जो मुलगा पहिल्यापासून जरा वरच्या रेघेने चालला आहे त्याची गोष्ट वेगळी आणि जो दोन वर्षांत मधल्या रेघेवरून एकदम वर गेला त्याची वेगळी, दुसऱ्याच्या बाबतीत काहीतरी बदललंय हे नक्की.

आणि वयात येणं म्हणजे आजार नाही हे पण लक्षात असू द्या. मुलींची उंची साधारण बाराच्या आसपास आणि मुलांची चौदाच्या आसपास सगळ्यात जोरात वाढते, मुलींच्या अंगावर या काळात मांड्या, नितंब इथे चरबी येणारच, ती यायलाच हवी, त्याला जाड होणं म्हणायचं नाही. पण "उंची वाढली की उतरेल" यावर पण पूर्ण विसंबू नका, बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१६ मध्ये जे दिसलं त्याप्रमाणे लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुलांपैकी साधारण ८० टक्के मोठेपणीही लठ्ठपणातच राहतात. त्याच अभ्यासात हेही दिसलं की लठ्ठ असलेल्या मोठ्या माणसांपैकी ७० टक्के लहानपणी तसे नव्हते, म्हणजे घरात एक मूल बारीक आहे म्हणून त्याने दिवसभर काहीही खाल्लं तर चालतं असं नाही.

कशाकशाने वाढतं

इथे थोडं थांबून एक गोष्ट. बातम्यांमध्ये रोज काहीतरी येतं की अमुक केल्याने वजन वाढतं, पण "संबंध आहे" आणि "त्यामुळेच होतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाश्त्याचं घ्या. जी मुलं नाश्ता करत नाहीत त्यांच्यात जास्त वजन जास्त प्रमाणात दिसतं हे खूप ठिकाणी आढळलंय, पण ती मुलं रात्री उशिरा झोपतात, सकाळी धावत पळत निघतात, काही जणी तर बारीक व्हायचं म्हणूनच नाश्ता सोडतात, मग नुसता नाश्ता जबरदस्तीने भरवून वजन उतरेल का, तर नाही. म्हणून खालची प्रत्येक गोष्ट वाचताना आपल्या पोराला ही लागू आहे का एवढंच बघत जा.

झोप सगळ्यात आधी घेते कारण हिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते आणि त्याहून लहान, ६ ते १२ च्या मुलांना ९ ते १२ तास. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप यायला लावणारं मेलाटोनिन उशिरा सुटायला लागतं, त्यामुळे दहाला अंथरुणात पाठवलं तरी पोरगं टक्क जागं असतं, तो नाटक करत नसतो, त्याला खरंच झोप येत नसते. वर शाळा सकाळी लवकर, क्लास, अभ्यास, आणि मग मोबाईल. सहा-साडेसहा तास झोपून उठलेलं पोर दुसऱ्या दिवशी जास्त खातं आणि गोड-तेलकटच मागतं, दमलेलं असतं म्हणून हलत नाही, आणि रात्री जागं असतं तेवढा वेळ खायला मिळतो तो वेगळाच. खाण्यावरून रोज भांडणाऱ्या घरात मी आधी झोपेचं विचारते आणि बरेचदा धागा तिथेच सापडतो.

मग पेयं. ३३० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे २००० कॅलरीच्या हिशोबाने जास्तीत जास्त ५० ग्रॅम आणि शक्यतो २५ ग्रॅम. एका कॅनमध्येच ती २५ ची मर्यादा ओलांडली. आणि पोटाला पातळ साखर कळतच नाही, प्यायलेल्या कोल्ड्रिंकमुळे जेवण तेवढं कमी होत नाही, ते वरच्या वर जातं. एनर्जी ड्रिंक, फ्लेवर्ड कॉफी, पाकिटातला ज्यूस हे सगळं यातच आलं, अगदी घरी काढलेल्या ज्यूसची साखर पण यात मोजतात. अख्ख्या फळाची आणि साध्या दुधाची स्वतःची साखर यात धरत नाहीत त्यामुळे फळं बंद करू नका प्लीज.

पाकिटातलं खाणं. २०१९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, २० मोठ्या माणसांना संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे फॅक्टरीत तयार झालेलं खूप प्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं ताजं खाणं दिलं, दोन्ही ताटांमध्ये कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखं ठेवलं आणि सांगितलं हवं तेवढं खा. पाकिटातल्या खाण्याच्या दोन आठवड्यांत लोकांनी दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन वाढलं, ताज्या खाण्यात उतरलं. हा प्रयोग मोठ्यांवर होता आणि छोटा होता पण एक गोष्ट त्यातून मनाला पटते, समजूतदार मोठी माणसं जिथे थांबू शकली नाहीत तिथे चिप्सचं पाकीट हातात देऊन तेरा वर्षांच्या मुलाला "थोडंच खा" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हालचाल. ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यात निदान तीन दिवस जोराचे, हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नव्हती, मुलींमध्ये ८५ टक्के आणि मुलांमध्ये ७८. मुली का मागे पडतात हे आपण नीट विचारतच नाही. पाळी सुरू झाली की पोटदुखी असते, डाग पडायची भीती असते, पळताना छाती हलते म्हणून लाज वाटते आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, मैदानावर मुलं बघतात बोलतात, संध्याकाळी बाहेर सुरक्षित वाटत नाही. ती "आळशी झाली" असं म्हणण्याआधी हे विचारा. नुसत्या व्यायामाने वजन फार उतरतं असं मात्र समजू नका, पण झोप, मूड, हाडं, साखर, बीपी सगळ्यालाच त्याचा फायदा होतो, वजन इंचभर हललं नाही तरी होतो.

स्क्रीनबद्दल सगळ्यांना माहिती आहे म्हणून फार लिहीत नाही. बसून राहणं हा एक भाग झाला, पण समोर व्हिडिओ चालू असताना पोट भरलंय हे कळतच नाही, मधेमधे खाण्याच्या जाहिराती आणि रील असतात, आणि रात्रीची झोप जाते ती जातेच.

मन. शाळेत चिडवणं, अभ्यासाचं प्रेशर, घरातली भांडणं, एकटेपणा, यातून पोरं खातात, कारण खाल्लं की थोडा वेळ बरं वाटतं. डिप्रेशनमुळे वजन वाढतं आणि वाढलेल्या वजनामुळे डिप्रेशन येतं असं दोन्हीकडून आहे. आणि ज्या मुलामुलींना वजनावरून चिडवलं जातं त्यांचं वजन पुढे उतरत नाही, वाढतंच, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलंय. "चारचौघात बोललं की लाज वाटून सुधारेल" हा समज कृपया डोक्यातून काढा. डाएटिंगचं पण तेच, या वयात स्वतःच्या मनाने डाएट करणाऱ्या, जेवणं सोडणाऱ्या मुलामुलींचं वजन पुढच्या काही वर्षांत जास्त वाढतं आणि खाण्याचे मानसिक आजार व्हायचा धोका पण वाढतो.

घराण्यातून येणारं. वजनातला जो फरक माणसामाणसात दिसतो त्यातला ४० ते ७० टक्के भाग अनुवंशिक असतो असं जुळ्यांच्या अभ्यासांवरून सांगतात. एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन एक मूल भरतं आणि दुसरं काडी राहतं ते यामुळे, त्यामुळे भावंडांची तुलना करण्यात काही अर्थच नाही. गरोदरपणात आईला डायबिटीस असणं, बाळ जन्मतः फार वजनाचं असणं किंवा पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वजन वाढणं यांचाही संबंध दिसतो, पण ते आता बदलता येणार नाही आणि कुणी त्यावरून आईला बोल लावत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

औषधं आणि आजार थोडक्यात. बराच काळ तोंडाने घेतलेली स्टेरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकतं. औषध चालू झाल्यावरच वाढ सुरू झाली असेल तर डॉक्टरांना सांगा पण स्वतः बंद करू नका, फिट्स आणि स्टेरॉइडच्या बाबतीत तर ते जीवावर बेतू शकतं. थायरॉइड वगैरे हार्मोनचे आजार सगळ्यांच्या तोंडी असतात पण प्रत्यक्षात कमी असतात. एक खूण लक्षात ठेवा, नेहमीच्या कारणांनी वजन वाढलेली मुलं साधारण वयाच्या मानाने उंच असतात, वजन वाढतंय पण उंची वाढायची थांबलीय असं असेल तर मात्र तपासणी करायलाच हवी.

आणि पैसा, वेळ, जागा. आईबाप दोघं शिफ्टमध्ये, घराजवळ मैदान नाही, रस्ता ओलांडायची भीती, पाकिटातलं स्वस्त आणि पटकन होणारं. हे ज्या घरात आहे तिथे "शिस्त लावा" म्हणणं सोपं असतं, मी म्हणणार नाही. तिथे एखादीच गोष्ट बदलता येईल, तर तीच बदला.

एक आठवडा काही न बदलता नुसतं लिहून काढा

हा टप्पा लोक गाळतात आणि सरळ उपायावर जातात. मुलाला सांगून करा, त्याच्या मागे हेरगिरी नको. साधी वही घ्या, कॅलरी मोजायच्या नाहीत, वजनाचा काटा काढायचा नाही, फक्त एवढंच लिहायचं की किती वाजता झोपला, किती वाजता उठला, पाण्याशिवाय काय काय प्यायला, कुठे बसून खाल्लं, दोन खाण्यांमध्ये किती तास गेले, आणि खाताना भूक होती की कंटाळा की राग. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांनी आपापलं लिहा, मोठ्यांनी पण, मग त्याला एकट्याला पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत नाही.

आठवड्याने वाचलं की बहुतेक वेळा एक-दोन जागा उघड दिसतात. खूप घरांत ती जागा शाळेतून आल्यानंतरची असते. सकाळी काही नाही, शाळेत डबा अर्धा परत, घरी आलं की घर रिकामं आणि प्रचंड भूक, मग हाताला येईल ते, बिस्किटं, चिप्स, इन्स्टंट नूडल्स, एक पाकीट संपलं की दुसरं. रात्री जेवणाला भूक नसते म्हणून जेवण कमी, म्हणून अकराला परत भूक. आता या मुलाला "जास्त खातोस" म्हणून काय उपयोग, त्याला चार-पाच वाजता नीट जेवण हवंय एवढंच.

मग एक किंवा दोन गोष्टी निवडा, सगळ्या घरासाठी

सगळं एकदम बदललं तर दहा दिवसांत सगळे कंटाळतात. वहीत जे सगळ्यात ठळक दिसलं तेवढंच धरा आणि तीन-चार आठवडे तेच करा. आणि नियम सगळ्यांना एकच. धाकटा बारीक आहे म्हणून त्याला आइस्क्रीम आणि मोठीला काकडी, हे जिथे चालतं तिथे मोठी लपून खायला शिकते.

पेयांचं असेल तर घरात आणूच नका, फ्रिजमध्ये बाटली ठेवून पिऊ नको म्हणायचं हे मोठ्यांनाही जमत नाही. बाहेर मित्रांबरोबर कोल्ड्रिंक प्यायला तर पिऊ दे, त्याची चौकशी करायची नाही. घरात पाणी, साधं दूध.

शाळेनंतरच्या भुकेचं असेल तर आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, त्याला स्वतः गरम करून घेता येईल असं, ज्यात प्रोटीन आणि फायबर आहे, म्हणजे अंडी, कडधान्यं, दही, शेंगदाणे, फळं असं काही. दहा वर्षांच्या वरच्या मुलांना दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं लागतात, ते एका जेवणात बसत नाही, म्हणून ही मधली वेळ सोन्यासारखी आहे. पाकिटं टेबलावर, डोळ्यासमोर ठेवू नका, फळं ठेवा, धुऊन कापून ठेवली तर खातात, अख्खी ठेवली तर सुकतात.

दिवसातलं एक जेवण तरी सगळ्यांनी एकत्र, फोन लांब ठेवून. आईबापांचे पण फोन. या जेवणात अभ्यासाचे मार्क आणि वजन हे दोन विषय काढायचे नाहीत. ताटात वाढून दिलेलं संपवच असा आग्रह नको, आणि दुसऱ्यांदा मागितलं तर कपाळावर आठी पण नको. भूक असेल तेवढं खायचं आणि भरलं की थांबायचं हे त्याचं त्याला कळू द्या. काय शिजवायचं, किती वाजता जेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने.

झोपेचं असेल तर एकदम दहाला झोप म्हणू नका, आत्ता साडेबाराला झोपत असेल तर दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणत जा. सगळ्या घराचे फोन रात्री एका जागी चार्जिंगला, बेडरूमच्या बाहेर, अलार्मसाठी साधं घड्याळ. सकाळी उठल्यावर उजेडात दहा मिनिटं काढली तर झोपेचं घड्याळ मागे यायला मदत होते. दुपारनंतर कॉफी, एनर्जी ड्रिंक नको. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत झोपू दिलं की आठवड्याची सगळी मेहनत जाते, तास-दीड तास जास्त चालेल.

हालचालीचं असेल तर त्याला काय आवडतं ते विचारा आणि जे सांगेल ते चालवून घ्या, नाच, सायकल, पोहणं, वजनं उचलणं, मित्रांबरोबर बॉल मारत बसणं. जड अंगाच्या मुलाला पळायला लावलं तर तो सगळ्यात मागे राहतो आणि पुन्हा जात नाही, पण ताकदीच्या व्यायामात तो बरेचदा इतरांपेक्षा पुढे असतो आणि त्याला पहिल्यांदा आपलं शरीर कामाचं वाटतं, हे मी मुद्दाम सांगतेय. नीट शिकवणारा माणूस असेल तर या वयात ताकदीचे व्यायाम सुरक्षित असतात, त्याने उंची खुंटते ही भीती खोटी आहे. ६० मिनिटं एकदम नको, तुकड्यांत चालतं. आणि व्यायाम कधीही शिक्षा म्हणून नाही, "केक खाल्लास ना मग दोन राउंड मार" असलं काही नाही.

बोलायचं कसं

वजन हा शब्द घरात कमीत कमी यावा. काळजी असेल तर "तू जाड होतेयस" च्या ऐवजी "तू हल्ली दमलेली दिसतेस, झोप नीट होत नाहीये का, आपण सगळेच जरा उशिरा झोपतोय, काही करूया का" असं बोलता येतं. मुलाने स्वतःहून विषय काढला, "मी जाड आहे का" विचारलं, तर "छे, काहीतरीच काय" म्हणून उडवू नका, त्याला आरसा आहे, त्याला कळतं. आधी विचारा, "कोणी काही बोललं का?" बहुतेक वेळा कोणीतरी बोललेलं असतं. मग ऐका. सल्ला लगेच नको, त्या दिवशी नुसतं ऐकलं तरी पुरे.

नातेवाईक बोलले तर तिथल्या तिथे, शांतपणे पण मुलाच्या देखत थांबवा, "त्याच्या अंगावरून नको बोलूया" एवढं वाक्य पुरतं. तुम्ही त्याच्या बाजूने उभं राहिलात हे त्याला दिसायला हवं. शाळेत चिडवत असतील तर शाळेत जाऊन बोला, "दुर्लक्ष कर" हा काही उपाय नाही. आणि स्वतःबद्दल पण जपून, आई रोज आरशासमोर "किती सुटलेय मी" म्हणत असेल, आठवड्याला नवं डाएट करत असेल तर मुलगी तेच उचलते.

खाऊन बाथरूममध्ये जाऊन उलटी काढणं, लपून खाणं आणि नंतर रडणं, जेवण टाळायला बहाणे, एकदम वजन उतरणं, पाळी बंद होणं, यातलं काही दिसलं तर वजन उतरतंय म्हणून खुश होऊ नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हे आजार उशिरा ओळखले जातात कारण सगळे कौतुक करत बसलेले असतात.

डॉक्टरांकडे कधी

बीएमआय लठ्ठपणाच्या रेघेच्या वर असेल तर एकदा नक्की. त्याशिवाय या खुणा: मानेवर, काखेत काळपट मखमली कातडी, हा मळ नसतो, घासून जात नाही, घासू नका, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. रात्री जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंगणं. खूप तहान आणि वारंवार लघवी. मुलींची पाळी फार अनियमित असणं, चेहऱ्यावर दाट केस. सततची डोकेदुखी, त्यात नजर धूसर होत असेल तर उशीर नकोच. आणि जड अंगाचं मूल लंगडायला लागलं किंवा कमरेचा सांधा, मांडी, गुडघा दुखतो म्हणालं तर त्याच दिवशी दाखवा, या वयात खुब्याच्या सांध्यातलं हाड सरकण्याचा एक प्रकार असतो, त्यात चालत राहिलं की नुकसान वाढतं आणि दुखणं बरेचदा गुडघ्यातच जाणवतं म्हणून चुकीच्या जागी तपासत बसतात. डॉक्टर साधारण बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हरच्या तपासण्या सांगतील.

किती दिवसांत फरक दिसतो

उंची अजून वाढत असेल तर वजन उतरवायची गरजच नसते बरेचदा, नुसतं आहे तिथे राहिलं तरी काम होतं. वरची तेरा वर्षांची मुलगी घ्या, १५५ सेंटिमीटर आणि ५५ किलो. वर्षभराने ती चौदाची झाली, उंची १६० आणि वजन तेच ५५, तर बीएमआय २१.५ येतो आणि १४ च्या मुलीसाठी रेघ २२.७ आहे, म्हणजे एक किलोही न उतरता ती जास्त वजनाच्या गटातून बाहेर पडली. हे घरात सगळ्यांना समजावून सांगा, कारण काट्यावर काहीच हललं नाही म्हणून लोक महिन्याभरात सोडून देतात. काटा रोज नको, दर आठवड्याला पण नको, दोन-तीन महिन्यांनी उंची आणि वजन एकत्र मोजायचं आणि तेही मुलाची तयारी असेल तर. मधल्या काळात बघायचं ते झोपेचे तास, जिना चढताना लागणारा दम, मूड, पाकिटांची संख्या.

उंची वाढायची थांबली असेल, म्हणजे मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळाच्या पुढे आणि मुलांमध्ये सतरा-अठराच्या, किंवा बीएमआय फारच वर असेल, तर वजन हळूहळू उतरवावं लागू शकतं आणि ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली करायचं, नेटवरून डाएट प्लॅन काढून नाही. पावडरी, फॅट बर्नर, लघवी आणि जुलाबाच्या गोळ्या तर अजिबातच नाही.

तीन ते सहा महिने घरात मनापासून करूनही आकडा वरच जात असेल तर ते तुमचं किंवा पोराचं अपयश समजू नका, काही मुलांना घरच्या बदलांपेक्षा जास्त मदत लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सगळ्या कुटुंबाला घेऊन ३ ते १२ महिन्यांत निदान २६ तास समोरासमोर मार्गदर्शन व्हावं असं म्हटलंय, म्हणजे पाच मिनिटांत "वजन कमी करा" सांगून पाठवणं हा उपचार धरलेलाच नाही. लठ्ठपणा असलेल्या १२ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी औषधं आणि फार तीव्र लठ्ठपणात १३ च्या पुढे ऑपरेशन हे पर्यायही त्यात आहेत, ते कुणाला लागतात ते तज्ज्ञच ठरवतील, पण असे पर्याय आहेत हे माहिती असावं आणि ते विचारायला लाजू नये. जाताना ती आठवड्याची वही, जुन्या उंची-वजनाच्या नोंदी आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी घेऊन जा, आणि डॉक्टरांना मुलाशी थोडा वेळ एकट्याशी बोलू द्या, तुमच्यासमोर तो जे सांगत नाही ते तिथे सांगेल.